होडीतले अकरा दगड

समुद्र पाहायचा म्हणून नाशिककर मुंबईला जातो, चौपाटीवर भेळ खातो, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून लाटेत उभा राहतो आणि परत येतो. माझंही वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत तेवढंच झालं होतं. गंगापूर रोडवरच्या एका शाळेत मी वीस वर्षं विज्ञान शिकवत होतो. दर वर्षी आठवीच्या मुलांना जहाज पाण्यावर का तरंगतं ते समजावून सांगायचो. फळ्यावर मी जहाज फार सुंदर काढतो, धूर सोडणारं. पण प्रत्यक्ष जहाजात पाऊल ठेवलं नव्हतं, आणि त्यावाचून माझं किंवा आठवीचं काही अडलंही नव्हतं.

अडलं ते माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं. तिची आणि दाजींची शेती नाशिकपासून थोडी बाहेर, धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. घर आणि गोठा अलीकडे, चार एकर चांगली जमीन पलीकडे. मधे पाणी. रस्त्याने जायचं तर अठरा किलोमीटरचा वळसा. एवढा वळसा घालून झेंडू आणि गिलकी बाजारात पोहोचेपर्यंत सकाळचा लिलाव उठलेला असायचा. म्हणून दाजींनी उन्हाळ्यात कोकणातून एक जुनी होडी आणली. चांदवडचा एक ट्रकवाला कांदा घेऊन महाडकडे गेला होता. परत येताना गाडी रिकामीच यायची, तर त्याने होडी घातली. होडीबरोबर दोन पोती दगडही आले. ट्रकवाला म्हणाला होता म्हणे, "नाशिकला काय दगड संपले का?"

विकणाऱ्याने दगड दिले होते, म्हणून दाजींनी ते होडीच्या बुडाशी ठेवले. दोन महिने होडी छान चालली. मग श्रावणात मी राखीला गेलो आणि ते दगड पाहिले.

मी हिशेब मांडला. होडी जेवढं पाणी बाजूला सारते तेवढं वजन ती पेलते, हे आठवीतलं पोरसुद्धा सांगेल. मग फुकटचं वजन कशाला वाहायचं? दगड काढले तर भाजीचे चार क्रेट जास्त जातील. दाजींना हे लगेच पटलं. शेतकऱ्याला वावरात दगड दिसला की तो वेचून बांधावर टाकायची सवयच असते. आम्ही दोघांनी मिळून अकरा दगड बाहेर काढले. समुद्राने गुळगुळीत केलेले ते दगड अक्काला आवडले. दहा तिने तुळशीभोवती मांडले आणि भोक असलेला अकरावा वासरू बांधायला घेतला.

भाद्रपदात होडी पाण्याच्या मधोमध उलटली. आत गिलक्यांचे क्रेट होते, दाजी होते आणि अक्का होती. तिला पोहता येत नाही. उलट्या होडीला धरून ती तशीच राहिली आणि दाजींनी पोहत पोहत होडीसकट तिला काठाला आणलं. दुसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं, "त्या होडीत मी परत पाय ठेवायची नाय. आन पाय ठेवायचा नसंल तर पल्याडची जमीन काय वाळत घालायची? दसरा झाला की देऊन टाका." फार्महाऊससाठी जमीन शोधणारा शहरातला एक माणूस दोनदा येऊन गेलाच होता. फुलं तोडायला येणाऱ्या बायाही होडीत बसेनात. पलीकडे दसऱ्याचा झेंडू कळीला आला होता.

यावर मी एक सिद्धांत मांडला. होडी समुद्रातली. खारं पाणी जड असतं, ते होडीला जास्त उचलतं. आपलं धरणाचं पाणी गोडं, हलकं. होडी आपल्या पाण्यासाठी बांधलेलीच नाही. सिद्धांत शास्त्रशुद्ध होता. दाजी म्हणाले, "मंग ज्यानं बांधली त्यालाच जाऊन इचारू." त्याच्याकडे फोन नव्हता. मी चार दिवसांची रजा टाकली, कारणाच्या जागी 'घरगुती' लिहिलं, आणि आम्ही पक्षपंधरवड्यात, जेव्हा आमच्याकडे कोणी चप्पलसुद्धा नवी घेत नाही, तेव्हा निघालो.

भाऊचा धक्का

नाशिक ते मुंबई हा प्रवास सगळ्यांना माहीत आहे, तो सोडून देतो. दाजींनी दहा किलो कांदे बरोबर घेतले होते. कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही हे त्यांचं तत्त्व, आणि ते तत्त्व दोन दिवस आळीपाळीने दोघांच्या खांद्यावर होतं.

भाऊच्या धक्क्यावर पोहोचण्याआधी वास पोहोचतो. मासळीच्या पाट्या, बर्फाचा चुरा, डिझेल. दाजी नाकाला उपरणं लावून म्हणाले, "आपला मार्केट यार्ड कोबी सडल्यावर बी येवढा नाय वास मारत." रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये आम्ही चढलो. चढणं म्हणजे धक्क्याच्या निसरड्या पायऱ्या आणि हलणारी कड यांच्यामधल्या हातभर अंतरावरून उडी मारणं. बायका डोक्यावर पाटी घेऊन ते सहज करत होत्या. मला एका खलाशाने दंडाला धरून आत ओढलं.

लाँच सुटल्यावर दाजी थेट मागच्या टोकाला जाऊन उभे राहिले. तिथे पंखा पाणी घुसळून मागे फेकत होता आणि पांढरा पट्टा लांबवर पसरत होता. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "सर, ही पुढं जातच नाय. ही पाणी मागं सारती, म्हणून पुढं सरकती." त्यांची दोन्ही मुलं माझ्या शाळेत होती, तेव्हापासून ते मला सर म्हणतात. त्यात आदर किती आणि चेष्टा किती हे मला अजून कळलेलं नाही. मी म्हणालो, "हा न्यूटनचा तिसरा नियम." ते म्हणाले, "असंल."

वाटेत एक मोठं मालवाहू जहाज नांगरून उभं होतं. आमची लाँच त्याच्या शेजारून गेली तेव्हा त्याचं लोखंडी अंग सोसायटीच्या तीन मजल्यांएवढं वर उठलेलं दिसलं. वरचा भाग काळा, खाली रुंद लाल पट्टा, टोकाजवळ पांढरे आकडे एकाखाली एक लिहिलेले. एवढं लोखंड पाण्यावर उभं आहे हे मला पुस्तकातून माहीत होतं. समोर पाहिल्यावर मात्र क्षणभर वाटलं की काहीतरी चूक होते आहे. शेजारी बसलेले एक म्हातारे गृहस्थ बोटीवरून निवृत्त झालेले होते. ते म्हणाले, "लाल दिसतंय ना? रिकामं आहे ते. माल भरला की लाल पाण्याखाली जाईल. आता पोटात पाणी भरून घेत असेल."

"पाणी भरून?" मी विचारलं.

"मग! त्याशिवाय रिकामं जहाज भर समुद्रात न्यायचं कसं?"

गृहस्थ उतरून गेल्यावर मी दाजींना सांगितलं की जहाज बुडू नये म्हणून आतलं पाणी उपसतात, भरत नाहीत. म्हातारी माणसं ऐकलेल्या गोष्टी रंगवून सांगतात. दाजी म्हणाले, "असंल बी." हा संवाद मी पुढे दोन दिवस विसरून गेलो. परतीच्या वाटेवर मात्र तो शब्दन् शब्द आठवला.

मुरूड

रात्रीचा मुक्काम मुरूडला. खाणावळीत मासे खाल्ले. म्हणजे मी खाल्ले. दाजी मटण खाणारे माणूस, त्यांनी बांगड्याचा मोठा घास मटणासारखा तोंडात टाकला आणि काटा घशात अडकला. खाणावळवाल्या बाईंनी भाताचा सुका मुटका हातावर ठेवला आणि "न चावता गिळा" म्हणाल्या. असा मुटका त्या रोज कोणाला तरी देत असाव्यात. काटा गेला. त्यानंतर खाणावळीत दाजींनी वरणभातच खाल्ला. ताट समोर आलं की "ह्याच्यात काय नाय ना?" असं विचारायचे.

बाणकोटची खाडी

दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून दिघीला दुसऱ्या लाँचने गेलो. ही पहिलीच्या निम्मी होती. तिथून एसटीने श्रीवर्धनवरून बागमांडल्याला. जसजसे दक्षिणेला जात होतो तसतशी नाव लहान होत होती. बागमांडल्याला पोहोचलो तेव्हा खाडी समोर होती, पण काठाला पाणीच नव्हतं. नुसता चिखल, आणि त्यात एका कुशीवर कललेल्या होड्या. पलीकडे नेणारा तरीवाला झाडाखाली विडी ओढत बसला होता.

"कधी सुटणार?" मी विचारलं.

"पाणी आलं की."

"पाणी कधी येणार?"

त्याने खाडीकडे पाहिलं. "येतंय."

दीड तासात पाणी खरोखरच आलं. आवाज नाही, गडबड नाही, चिखलातल्या होड्या एकेक करून सरळ उभ्या राहिल्या. दाजी हे पाहून थक्क झाले. आमच्याकडे धरण वर्षातून एकदा भरतं. त्याच्या पातळीची बातमी येते, पाणी सोडायचं की नाही यावर बैठका होतात. इथे रोज दोनदा भरतंय आणि दोनदा उतरतंय. "आन पाटबंधाऱ्याचा एक बी माणूस नाय!" ते म्हणाले.

तरीवाल्याची होडी आमच्या होडीएवढीच होती. त्याने शीड लावलं नाही, लांब काठी तळाला रोवून ढकलत नेली आणि खोल पाण्यात गेल्यावर वल्ही घेतली. समोरचा धक्का सोडून तो तिरका, समुद्राच्या दिशेने निघाला. मला वाटलं चुकला. पण आत शिरणारी भरती त्याला बाजूला ढकलत होती, आणि शेवटी होडी नेमकी धक्क्याला लागली. दाजी हळूच म्हणाले, "पाटाच्या पाण्यात म्हैस अशीच तिरकी घालावी लागती." आत शिरताना आम्हाला त्याने चपला काढायला लावल्या होत्या. होडीत चपला घालून कोणी चढत नाही तिथे. आमच्या होडीत आम्ही गमबूट घालून चढायचो.

त्या होडीत मी तळाशी पाहिलं. फळ्यांखाली काळे दगड होते. मला वाटलं, ह्याने अजून काढले नाहीत.

तांडेल

होडी बांधणारा म्हातारा पलीकडच्या काठाला, खाडीच्या आतल्या एका वाडीत राहत होता. सगळे त्याला तांडेल म्हणायचे, म्हणजे गलबतावरचा मुख्य. तरुणपणी त्याने शिडाच्या गलबतातून कौलं आणि मीठ वाहिलं होतं. आता ऐंशीच्या घरात होता, अंगावर लंगोट आणि गळ्यात काळा दोरा. आमची होडी त्याने स्वतः बांधलेली, पुतण्याने परस्पर विकलेली. म्हणून आम्ही आल्याचं ऐकून तो आधी होडीबद्दलच बोलला, आमच्याबद्दल नंतर.

"बरी हाय ना ती?"

दाजींनी कांद्याची पिशवी खाली ठेवली. तांडेलाच्या सुनेने कांदे हातात घेऊन वास घेतला आणि "नाशकाचे!" म्हणून आत नेले. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि सोलकढी आली. दाजींनी पिठीत काटा शोधला, नव्हता. मग आमच्या बाजरीच्या भाकरीपेक्षा ही किती पांढरी आणि पोटाला किती हलकी यावर थोडं बोलणं झालं.

घराची पायरी पिवळट दगडाची होती. त्या लाल मातीच्या वाडीत असा दगड कुठून आला म्हणून मी विचारलं. तांडेल म्हणाला, "पोरबंदरचा हाय. कौलं उतरवली की गलबत रिकामं. रिकामं कसं आणायचं? मग तिथले दगड भरायचे तळाला. त्याला नीरम म्हणतात. हितं आल्यावर माल भरायचा, नीरम काढायचं. आमच्या गावातल्या निम्म्या पायऱ्या गुजरातच्या हायत."

मी ते वहीत लिहून घेतलं, स्थानिक माहिती म्हणून. नीरम म्हणजे तळाला घातलेलं वजन. लिहिताना माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. मला माझा सिद्धांत सांगायचा होता, तो मी सांगितला. खाऱ्या पाण्याची घनता, गोड्या पाण्याची घनता. तांडेलाने सगळं शांतपणे ऐकलं.

"गोड्या पाण्यात बोटभर खाली बसंल," तो म्हणाला. "बोटभरानं काय उलटत नाय. पाणी खारं की गोडं, होडी चव बघत नाय, मास्तर." मग दाजींकडे वळून त्याने विचारलं, "नीरम हाय ना तिच्यात? अकरा दगड?"

मी वहीकडे पाहत राहिलो.

दाजी म्हणाले, "काढलं ते. शेतकरी माणूस मी, दगड दिसला की येचतो. माझ्याच हातून झालं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. वीस वर्षं मुलांना 'चूक झाली तर हात वर करा' असं सांगणारा माणूस मी. त्या ओसरीवर माझा हात वर गेला नाही, आणि मला माझी लाज वाटली.

चिखल

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीला तांडेलाने मला खाडीवर नेलं. त्याची स्वतःची लहान होडी कंबरभर पाण्यात होती. त्याने नातवाला सांगून तिच्यातले सगळे दगड काठावर काढून ठेवले. होडी टुणकन वर आली. खरोखरच हलकी झाली, माझ्या हिशेबाप्रमाणे.

"मास्तर, चढा. मधे उभे ऱ्हावा."

मी चपला काढून चढलो आणि उभा राहिलो. हात पसरले, श्वास घेतला, उजवा पाय जरासा हलवला. पुढचं मला नीट सांगता येणार नाही. होडी एका बाजूला कलली आणि कलतच गेली. मी चष्म्यासकट पाण्यात होतो, थेट तळाच्या चिखलापर्यंत. वर आलो तेव्हा वाडीतली पाच-सात माणसं काठावर जमली होती आणि दाजी उपरण्यात तोंड लपवून हसत होते.

दगड परत आत गेले. तांडेलाने ते स्वतः लावले, मधल्या कण्याला धरून, दोन्ही बाजूंना सारखे, पायाने दाबून. होडी वीतभर खाली बसली. "आता चढा." मी चढलो. पाय हलवला. होडी कलली, थोडी थांबली आणि परत सरळ झाली. मी दुसरा पाय हलवला. पुन्हा तेच. मी मुद्दाम एका कडेला गेलो. कलली आणि माझी वाट पाहत असल्यासारखी तिथेच राहिली. मधे आलो, सरळ झाली.

तांडेल म्हणाला, "वजन वर असलं की होडीला पाडतं. तळाला असलं की उठवतं. तुमी लोकांनी दगड काढून वर भाजी रचली असंल, टेंपोत रचता तशी."

तशीच रचली होती. क्रेटवर क्रेट, आणि सगळ्यात वर बसायला अक्का.

दाजी गुडघाभर पाण्यात उभे होते. ते एकदम म्हणाले, "सर, आपल्या डेअरीतली नळी! दूध तपासायची! तिच्या बुडाला छर्रे असत्यात बघा, म्हणून ती दुधात सरळ उभी ऱ्हाती. छर्रे नसतं तर आडवी पडली असती." आणि आपण काय शोधून काढलं याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटून ते तांडेलाला पुन्हा समजावू लागले.

माझ्या प्रयोगशाळेच्या कपाटात तशी नळी आहे. परीक्षानळीत छर्रे घालून ती पाण्यात उभी करायचा प्रयोग मी दर वर्षी करतो. छर्रे का घालायचे, असं एखादं पोर विचारतं. 'नळी सरळ उभी राहावी म्हणून,' मी सांगतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. वीस वर्षं उत्तर माझ्या तोंडात होतं. चार क्रेट जास्त जावेत म्हणून मी सख्ख्या बहिणीच्या बुडाखालचे छर्रे काढून घेतले, आणि तिला पाण्यात पाडल्यावर घनतेचं कोष्टक उघडून बसलो. ती होडीला धरून राहिली नसती तर काय झालं असतं, हा विचार मी तोपर्यंत नीट केलाच नव्हता.

तांडेलाने माझ्या वहीत कोळशाने होडीचा आकार काढला आणि अकरा गोल काढले. कुठला दगड कुठे, मोठे कुठे, चपटे कुठे, सगळं त्याला पाठ होतं. "भोकाचा दगड नांगर हाय. तो दोरीला बांधून पुढच्या टोकाला. कुठं हाय तो?"

"वासराला बांधलाय," दाजी म्हणाले.

तांडेल पहिल्यांदाच मोठ्याने हसला.

परत

परतीच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. धक्क्याजवळ तेच जहाज होतं. आता लाल पट्टा निम्मा पाण्याखाली गेलेला दिसत होता. माल भरला होता की पाणी, मला कळलं नाही. कसाऱ्यानंतर, घोटीच्या अलीकडे, मी दाजींना म्हणालो, "अक्काला मी सांगतो, दगड मी काढायला लावले."

"राहू द्या," ते खिडकीतून भातखाचरं पाहत म्हणाले. "नवऱ्यावर चिडली तर चार दिसांत इसरंल. भावाचं तिला लय कौतिक हाय."

हे ऐकून माझं अवघड सोपं झालं नाही, उलट जास्त अवघड झालं.

घरी पोहोचल्यावर दाजींनी चहासुद्धा घेतला नाही. तुळशीभोवतीचे दगड उचलायला लागले. अक्का गोठ्यातून धावत आली.

"माझ्या तुळशीचं दगड कुठं चालवलं?"

"होडीत. ते होडीचेच हायेत. ते काढलं म्हणून होडी उलटली."

अक्का दगडांकडे पाहत राहिली. मग सावकाश विचारलं, "काढायला कोणी सांगितलं होतं?"

"मीच की. मला काय..."

"मी सांगितलं होतं, अक्का," मी म्हणालो. "दाजींचा काही दोष नाही. मी हिशेब करून सांगितलं. माझा हिशेब चुकला. तुला मी पाण्यात पाडलं."

तिने पदराने हात पुसले, पुन्हा पुसले. मला वाटलं ती रडेल किंवा मला घराबाहेर काढेल. दोन्हींपैकी काहीच तिने केलं नाही. आम्ही दगड वाहून होडीत मांडत होतो, वहीतल्या कोळशाच्या खुणा पाहून, तेव्हा ती काठावर येऊन उभी राहिली.

"दहाच झालं," ती म्हणाली.

"अकरावा वासराला हाय," दाजी म्हणाले. "सोडून आणतो."

"वासरू मोकाट सुटलं तर तुळस खाईल. तो दगड मी द्यायची नाय." तिने माझ्याकडे बोट केलं. "त्याच्या जागी ह्याला बसवा."

मी चपला काढल्या आणि बसलो. पुढच्या टोकाला, फळीवर नव्हे, खाली तळाला, दगडांच्या शेजारी, गुडघे पोटाशी घेऊन. बुडाशी थोडं पाणी होतं, ते पँटमधून आत आलं. दाजींनी काठी उचलली. अक्का काठावरच होती. तिने एक पाय पाण्यात टाकला, मागे घेतला, चपला काढून बाजूला ठेवल्या, होडीच्या लाकडाला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत आली. होडी कलली. तिने डोळे घट्ट मिटले. होडी सरळ झाली.

मधोमध वारा होता, होडी उलटली त्या दिवशी होता म्हणे तसाच. होडी डावीकडे झुकली, परत आली, उजवीकडे झुकली, परत आली. अक्काचा एक हात कडेला होता. दुसरा तिने माझ्या डोक्यावर ठेवला होता, आणि होडी हलली की ती तो खाली दाबायची.

"उठू नको हां," ती म्हणाली.

"नाही उठत."

पलीकडे झेंडू फुलला होता, असं दाजी म्हणाले. मला खालून फक्त होडीच्या फळ्या आणि आभाळ दिसत होतं. मग डोक्यावरचा हात सैल झाला. मी मान वर करून पाहिलं, तर अक्काने डोळे उघडले होते आणि ती पलीकडच्या काठाकडे बघत होती. "दसऱ्याला बाया किती लागतील वो?" तिने दाजींना विचारलं.